निधिनिक्षेपासह

शेतजमिनीच्या जुन्या वळणाच्या खरेदीखतात शेवटाकडे एक ओळ हमखास भेटते. सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह आणि तदंगभूत वस्तूंसह तुम्हांस कायम खूष खरेदी दिली असे. लिहिणारा ती एका दमात लिहितो, वाचणारा एका दमात वाचतो, अंगठे-सह्या होतात. निक्षेप म्हणजे ठेव, जमिनीत पुरून ठेवलेली. दस्तात तिचा अर्थ कुणी हंडा किंवा गुप्तधन असा घेतो. पण महानुभाव पंथात माणसाचा देह मातीला देण्यालाही निक्षेप हाच शब्द आहे. ज्या शेताच्या कोपऱ्यात पणजोबा, आजी आणि तान्हेपणी गेलेली एखादी आत्या पुरलेली आहे, त्या शेताच्या खरेदीखतात ही ओळ थांबून वाचायला हवी. पाषाण गेला म्हणजे चौथऱ्याचे दगड गेले, तरू गेला म्हणजे त्याच्या बाजूचा बेल गेला. आणि निक्षेपही गेला.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर, लातूर, नांदेड या पट्ट्यात एसटीच्या खिडकीतून असे कोपरे सहज दिसतात. उसाच्या नाहीतर तुरीच्या कडेला चार-सहा चौथरे, त्यांवर लिंग किंवा नुसता उभा दगड, बाजूला बेल, चाफा नाहीतर कडुनिंब. लिंगायत घरांमध्ये देह बसलेल्या स्थितीत, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेलपत्रांसह समाधिस्थ करतात. गावाची रुद्रभूमी, म्हणजे दफनाची सामाईक जागा, असली तरी स्वतःच्या शेतात समाधी देण्याची चाल अनेक घरांत आहे. नाथजोगी, गोसावी यांच्यातही पुरण्याची रीत आहे. आणि जिथे दहन होतं अशा घरांतही तान्ही बाळं मातीलाच दिली जातात. त्यामुळे शेतातल्या पुरलेल्या माणसांचा प्रश्न एकाच समाजाचा नाही.

जागा म्हणाल तर फार लागत नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चार फुटी चौथरा आणि फिरायला सभोवती जागा धरली, तर एका समाधीला ६ बाय ६, म्हणजे ३६ चौरस फूट पुरतात. चार पिढ्यांतली दहा-बारा माणसं अर्ध्या गुंठ्यात मावतात. पाच एकरांच्या शेतात अर्धा गुंठा म्हणजे काहीच नाही, आणि नेमकं म्हणूनच तो कुणी कागदावर आणत नाही. माणूस गेल्यावर बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत सातबाऱ्यावर कोपऱ्याची नोंद करायची हे सुचणारही कुणाला?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, फेरफाराचा म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा क्रमांक आणि एका बाजूला ‘इतर हक्क’. बारामध्ये पिकं. शेतातल्या समाधीला या दोन्ही नमुन्यांत आपोआप जागा मिळत नाही. पुष्कळांची समजूत असते की ती पोटखराब्यात धरलेली असेल. पोटखराबा दोन प्रकारचा असतो. वर्ग अ म्हणजे शेतीला अयोग्य धरलेली जमीन. ती धारकाला पुढे लागवडीखाली आणता येते. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कारणासाठी आकारणीतून वगळलेली जमीन. या वर्ग ब मध्ये रस्ता, पायवाट, इतरांच्या वापराचा ओढा किंवा तळं यांच्याबरोबर एखाद्या समाजाची किंवा सर्व लोकांची दफनभूमी अथवा दहनभूमी येते. १९६८ च्या जमीन वापराच्या नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे पूर्वी सगळी भावकी किंवा अख्खा समाज त्या जागी पुरत असेल, आणि मोजणीच्या वेळी तशी दखल घेतली गेली असेल, तर ते क्षेत्र वर्ग ब मध्ये सापडू शकतं, आणि ते कुणाला नांगरता येत नाही. एकट्या घराच्या समाध्यांना हे संरक्षण नाही. त्या कागदावर लागवडयोग्य जमीनच असतात. म्हणून पहिलं काम एवढंच: उताऱ्यावर पोटखराबा अ किती, ब किती, ते बघायचं. ब मध्ये काही आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर) असतील आणि शेतातून रस्ता किंवा ओढा जात नसेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण आणि गटाचा नकाशा काढून ते क्षेत्र कशाचं आहे हे शोधायचं.

इथे तीन हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते सुटे करून पाहिल्याशिवाय पुढची कुठलीच गोष्ट नीट होत नाही. जमिनीची मालकी हा एक. आहेत त्या समाध्यांपर्यंत जाणं, दिवा लावणं, डागडुजी करणं हा दुसरा. आणि उद्या घरातलं कुणी गेलं तर त्यालाही तिथेच ठेवणं, हा तिसरा. मालकी वारशाने चालत येते, तिला कायदा आहे, नमुने आहेत. खातेदार गेला की तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याकडे, आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यायची. वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये, नावं चढतात, फेरफार पडतो, हरकतीला पंधरा दिवस जातात आणि सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतो. उरलेले दोन हक्क मात्र या फेरफारातून पुढे सरकत नाहीत. ते घराच्या आठवणीवर चालतात. सगळे भाऊ एका खात्यात असतात तोवर आठवण पुरते.

ती अपुरी पडते वाटणीच्या दिवशी. वाटणीत विहीर कुणी विसरत नाही. कुणाचा किती आणे हिस्सा, पाण्याची पाळी कशी, मोटरीला जायची वाट कुठून, इथपर्यंत लिहिलं जातं, आणि इतर हक्कात ‘विहीर सामाईक’ म्हणून नोंदही येते. आजोबांची समाधी मात्र ज्याच्या वाट्याला तो कोपरा आला त्याच्याकडे न बोलता जाते. भाऊ म्हणतात, त्यात काय लिहायचं, आपलंच आहे. भावांना एकमेकांचा विश्वास वाटतो हे खरंच आहे. पण हा कागद त्यांच्या नातवंडांसाठी असतो, आणि ती नातवंडं एकमेकांना कदाचित लग्नकार्यातही ओळखणार नाहीत. माझ्या मते वाटणीपत्र हीच या नोंदीची खरी वेळ. त्या दिवशी सगळ्यांच्या सह्या एका टेबलावर मिळतात, पुन्हा मिळतीलच असं नाही.

आता ती नोंद कशी करायची. पहिला मोह असा होतो की समाध्यांचा कोपरा स्वतंत्र पोटहिस्सा पाडून सगळ्यांच्या सामाईक नावावर ठेवावा. तिथे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा पडेल असं वाटप किंवा हस्तांतर करता येत नाही. विहीर, शेतरस्ता, घरकुल यांसाठी नंतर सवलती आल्या, पण समाधी त्या यादीत नाही. म्हणून अर्ध्या गुंठ्याचा वेगळा हिस्सा पाडायच्या खटपटीत अख्खं वाटप अडकवू नये. क्षेत्र ज्याच्या वाट्यात येतं त्याच्याच नावावर राहू द्यावं आणि बाकीच्यांचा हक्क त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात आणावा. विहिरीच्या बाबतीत होतं तेच.

वाटणीपत्रातला मजकूर मोजमापासह असावा. साधारण असा: ‘हिस्सेदार क्रमांक १ यांच्या वाट्यातील गटाच्या नैऋत्य कोपऱ्यात पूर्व-पश्चिम २० फूट व दक्षिण-उत्तर २५ फूट जागेत कुटुंबाच्या समाध्या आहेत. ही जागा नांगरली, विकली, गहाण दिली अथवा बांधकामाखाली आणली जाणार नाही. सर्व हिस्सेदार, त्यांच्या विवाहित मुली व सर्वांचे वंशज यांना तेथे जाण्याचा, पूजेचा व दुरुस्तीचा कायम हक्क राहील. त्यासाठी दक्षिण बांधाच्या कडेने ६ फूट रुंदीची वाट खुली राहील. या नोंदीचा अंमल इतर हक्कात घ्यावा.’ सोबत हातनकाशा जोडावा, त्यावर दिशा, विहिरीपासूनचं आणि बांधाच्या दगडापासूनचं अंतर लिहावं. २० बाय २५ म्हणजे ५०० चौरस फूट, सुमारे ४६ चौरस मीटर. सातबारा हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये बोलतो, म्हणून तो आकडाही दस्तात असू द्यावा. ‘समाधीची जागा सोडून’ एवढंच मोघम लिहिलेले दस्त भांडणात काही कामाला येत नाहीत, कारण जागा कुठवर, यावरच भांडण असतं.

हा कागद नोंदणीकृतच हवा. पाच रुपयांच्या कोऱ्या कागदावरच्या पंचांसमक्षच्या लिखाणावर किंवा साध्या अर्जावर इतर हक्कात नोंद घ्यायला महसूल खातं सहसा तयार होत नाही, आणि घेतली तरी कुणी हरकत घेताच ती टिकवणं अवघड जातं. नोंदणीचा दुसरा फायदा मोठा आहे. नोंदणीकृत दस्त म्हणजे पुढच्या खरेदीदाराला त्या हक्काची सूचना मिळाली असं मालमत्ता हस्तांतरण कायदा मानतो. ‘मला कुणी सांगितलं नव्हतं’ हे मग त्याला म्हणता येत नाही.

वाट वेगळी का लिहायची, तर शेतरस्त्याचे नेहमीचे उपाय इथे तोकडे पडतात. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतो, पण तो आपल्या शेतात जायला. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली अडवलेली वहिवाट मोकळी करून मिळते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. सुविधाधिकार कायद्यातली वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीची तरतूद लोकांना ऐकून माहीत असते, पण तो हक्क माणसाला चिकटत नाही, त्याच्या जमिनीला चिकटतो. शेजारी आपलं शेत असेल तर त्या शेतासाठी वाट मागता येते. सगळं शेत विकून पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाकडे अशी जमीनच उरत नाही, मग तो रूढीचा आधार शोधत दिवाणी न्यायालयात जातो आणि सरपंचापासून भावकीपर्यंत साक्षीदार गोळा करतो. एका वाक्याच्या अभावी.

मुलींविषयी थोडं सविस्तर, कारण त्यांचं नुकसान सर्वांत शांतपणे होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीची सहदायक आहे. तरी बहुतेक गावांत ती भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देते. त्या दस्तात ‘माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही’ असं वाक्य असतं. जमीन सोडायची तिची तयारी असते. पण आईच्या समाधीवर माहेरच्या वाटेने जाण्याचा हक्कही त्याच वाक्यात सुटतो, हे तिला कुणी सांगत नाही. भाऊ आहे तोवर प्रश्न येत नाही. भावाच्या मुलाने शेत विकलं की ती बाहेरची होते. हक्कसोडपत्रात ‘समाधीस्थळी जाण्याचा व पूजेचा हक्क राखून’ एवढे शब्द घातले की पुरतं, कुणाच्या वाट्याला धक्का लागत नाही. लिहिणाऱ्याला ते मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्याच्या ठरलेल्या मसुद्यात ते नसतं.

काही घरांच्या समाध्या कधीच दुसऱ्याच्या शेतात गेलेल्या आहेत, आणि त्याला त्यांनी काही विकलेलं कारण नाही. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला राज्याच्या बऱ्याच भागात कुळं जमिनीची मालक झाली. जमीनदाराच्या घरचे लोक जिथे पुरलेले होते ते शेतही त्यात गेलं. त्यानंतर गावोगावी एकत्रीकरण योजना राबली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, विखुरलेल्या पट्ट्यांची अदलाबदल झाली. कागदावर क्षेत्राला क्षेत्र मिळालं, पण चौथरा जिथल्या तिथे राहिला आणि त्याखालचा गट दुसऱ्याच्या नावावर गेला. अशा जागी मालकी मागायला जाऊ नये. जुने फेरफार, एकत्रीकरणाचं पत्रक आणि जुन्या सर्व्हे नंबरचा नकाशा गोळा करून, आजच्या मालकाकडून येण्याजाण्याच्या हक्काचा नोंदणीकृत करारनामा घ्यावा, आणि तोही तो मालक शेत विकायला काढण्याआधी. साठ वर्षं दुसऱ्याचे चौथरे न उखडता भोवतीने पेरणी करणारे शेतकरी आजही आहेत. त्यांच्याकडे मागितलं तर ते नाही म्हणत नाहीत, असाच बहुतेकांचा अनुभव ऐकू येतो. मुलांच्या हातात शेत गेलं की खात्री नाही.

विक्रीच्या वेळी दबाव उलट्या बाजूने येतो. समाध्या दिसल्या की घेणारा भाव पाडतो, दलाल सांगतो आधी जागा साफ करून द्या. काही ठिकाणी विसार झाल्यावर चौथरे हलवले जातात आणि दस्तात उल्लेखच राहत नाही. दफनाच्या जागी भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा दुखावतील हे माहीत असून घुसखोरी करणं, अवशेषांची विटंबना करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे, आणि तो मालकालाही लागू शकतो. विकायचंच असेल तर जागा चतुःसीमेसह दस्तात दाखवावी, हक्क राखून ठेवावा आणि त्याचा भाव आपण सोसावा. ५०० चौरस फुटांनी किंमत किती कमी होणार? घेणाऱ्यानेही शोध अहवालावर विसंबून न राहता शेताचे चारही कोपरे स्वतः पायांनी फिरावे. शोध अहवालात दस्त सापडतात, चौथरे सापडत नाहीत.

शेत बिगरशेती होऊन प्लॉट पडणार असतील तर लेआउटचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी हस्तक्षेप करावा. ४० आर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. समाध्यांचा कोपरा त्या खुल्या जागेत बसवून घेतला तर त्यावर ना रस्ता येतो, ना प्लॉट. नकाशा मंजूर झाल्यावर हे जवळजवळ अशक्य.

भूसंपादनात सगळं संयुक्त मोजणीवर ठरतं. त्या दिवशी झाडं, विहीर, पाइपलाइन, घर, गोठा यांची जागेवर यादी होते. समाध्या यादीत आल्या नाहीत तर पुढे मोबदल्याच्या निवाड्यातही येत नाहीत, आणि हलवायला मुदत कुणाकडे मागायची हेही उरत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनात हरकतीला अधिसूचनेपासून अवघे २१ दिवस असतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली ६० दिवस. मोजणीला घरातलं जाणतं माणूस हजर हवं, पंचनाम्यात समाध्यांची संख्या आणि मापं लिहून घ्यायला हवी, फोटोत मागे ओळखता येईल असं झाड किंवा विहीर हवी. धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणाला ज्या १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात त्यांत स्मशानभूमी आहे. पुढच्या माणसांची सोय तिने होते. मागची पाण्याखाली राहतात.

एक चूक श्रद्धेपोटी होते. घरातला एखादा पूर्वज सत्पुरुष म्हणून नावाजलेला असतो, समाधीवर बाहेरचे लोक येऊ लागतात, सभामंडप उठतो, दानपेटी बसते, पुण्यतिथीला वर्गणी निघते. इथून पुढे ती घरची समाधी राहत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची न्यास म्हणून नोंदणी होऊ शकते, आणि एकदा ती जमीन न्यासाची ठरली की विक्रीला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. घर मालक उरत नाही, फार तर विश्वस्त उरतं. हे वाईटच असं माझं म्हणणं नाही. काही समाध्या त्यामुळेच वाचल्या. पण मंडप बांधण्याआधी सगळ्या भावंडांनी ते ठरवून करावं.

नव्या समाधीचा, म्हणजे तिसऱ्या हक्काचा, प्रश्न दिवसेंदिवस कठीण होत चालला आहे. महापालिकेच्या हद्दीत नेमून दिलेल्या आणि नोंदलेल्या जागीच दफन करता येतं. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, तसं एखादं गाव हद्दीत गेलं की शेतातल्या जुन्या समाध्या राहतात, नवी देता येत नाही. खेड्यातही खाजगी जमिनीत पुरण्याचा हक्क निर्विवाद धरू नये. २७ जानेवारी २०२५ ला छत्तीसगडमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं याच मुद्द्यावर वेगवेगळी पडली. एकाच्या मते कुटुंबाच्या शेतात दफन होऊ द्यावं, दुसऱ्याच्या मते नेमलेल्या दफनभूमीतच. देह जवळपास तीन आठवडे शवागारात होता, म्हणून अखेर दोघांनी मिळून दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश दिला. घरात वृद्ध माणसं असतील तर ग्रामपंचायतीशी ही गोष्ट आधीच बोलून, जमल्यास लेखी घेऊन ठेवावी.

चौथरा बांधायची घाईही करू नये. खड्ड्याची माती एक पूर्ण पावसाळा बसू द्यावी लागते. काळ्या रानात तर ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. लगेच बांधलेला चौथरा दुसऱ्या वर्षी कलतो किंवा मधोमध तडकतो. खाली मुरमाची भर घालून, चारही बाजूंना जमिनीच्या वर दिसतील असे कोपऱ्याचे दगड पुरून मगच बांधकाम करावं. हे दगड चौथऱ्यापासून दोन-तीन फूट बाहेर असावेत. बांध जसा दरवर्षी वितभर कोरला जातो तसा समाधीचा कोपराही ट्रॅक्टरच्या फाळाने आक्रसतो, आणि त्यात दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. वळण घेताना चालकाला हद्द दिसत नाही, एवढंच.

शेवटी मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून पीक निघाल्यावर, रान मोकळं असताना ती करून घ्यावी. मोजणीदार येण्याआधी समाध्यांच्या जागेभोवती फक्की मारून ठेवावी आणि ‘क’ प्रतीच्या नकाशात विहीर, झाडं दाखवतात तसा तो चौकोनही दाखवायला सांगावं. त्या दिवशी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेतावर न्यावं. मोठ्या माणसांवर चौथरे असतात. बाळांच्या जागी दगडही नसतो. फार तर बांधालगत एखादी निवडुंगाची जाळी. त्या जागा तिलाच ठाऊक असतात, कारण त्यातली काही बाळं तिची असतात. ती बोट दाखवेल तिथे खुंटी मारायची, आणि फक्कीची रेघ तिथवर वाढवायची.